सर्वांत दूर गेलेले मराठी वाक्य

मराठीत आजवर जे लिहिले वा बोलले गेले त्यांपैकी सर्वांत दूर काय पोहोचले, असा प्रश्न चेन्नईतील आमच्या छोट्याशा वाचनमंडळात एका संध्याकाळी निघाला. कोणी ज्ञानेश्वरीचे नाव घेतले, कोणी पंजाबात घुमानपर्यंत गेलेल्या नामदेवांचे. एका उत्साही तरुणाने अमेरिकेतील मराठी अधिवेशनांचा दाखला दिला. खरे उत्तर मात्र अगदी निराळे आहे. ते एक वाक्य आहे, जेमतेम वीस शब्दांचे, आणि ते या घटकेस पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. प्रकाशालाही तेथे पोहोचावयास जवळजवळ एक अहोरात्र लागते.

अमेरिकेने १९७७ साली सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. पृथ्वीबाहेर कोठे जीवसृष्टी असेल, ती बुद्धिमान असेल, आणि कधी काळी हे यान तिच्या हाती लागेल, तर तिला आपली ओळख पटावी, या हेतूने कार्ल सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. तीत ११५ चित्रे आहेत, सुमारे दीड तासाचे संगीत आहे, आणि ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्या ५५ मध्ये मराठी आहे. या अभिवादनाचा वाङ्मय म्हणून कोणी विचार केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. एका वाक्यावर टीका ती काय करावयाची, असे कोणी म्हणेल. परंतु जिचा वाचक मुळात अस्तित्वात आहे की नाही हेच ठाऊक नाही, अशी मराठीतील दुसरी रचना आम्हांस तरी आठवत नाही. आणि लेखकाची खरी परीक्षा वाचक समोर नसतानाच होते.

ही अभिवादने बहुतांशी कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात उपलब्ध असलेल्या भाषिकांकडून म्हणवून घेतलेली. काय बोलावे याचा मसुदा कोणास दिलेला नव्हता. थोडक्यात बोलावे, एवढीच अपेक्षा. त्यामुळे ज्याला जे सुचले ते त्याने म्हटले, आणि म्हणूनच त्या पंचावन्न वाक्यांत पंचावन्न भाषांचे स्वभाव नकळत उतरले आहेत. चीनमधील आमॉय बोलीतला माणूस अवकाशातील मित्रांना जेवणखाण झाले का म्हणून विचारतो, आणि सवड मिळाली तर या म्हणतो. राजस्थानी वाक्य म्हणते की आम्ही इकडे सुखात आहोत, तुम्ही तिकडे सुखात राहा. ते ऐकताच, 'इकडील सर्व क्षेम' या शब्दांनी सुरू होणारी वडीलधाऱ्यांची पत्रे कोणास आठवणार नाहीत? गुजराती वाक्य नमस्कार घालते आणि लगोलग संपर्क साधण्याची विनंती करते. व्यापारी बाणा तो हाच. कन्नड व तेलुगू ही दोन्ही आपापल्या भाषिकांच्या वतीने शुभेच्छा देतात, म्हणजे स्वतःचे नाव सांगतात.

मराठी वाक्य काय करते? ते प्रथम नमस्कार करते. मग सांगते की ह्या पृथ्वीतील लोक तुम्हांला त्यांचे शुभविचार पाठवितात, आणि तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हावे अशी त्यांची इच्छा आहे.

आमच्या मंडळात एक वयोवृद्ध सभासद आहेत. त्यांना सारे नाना म्हणतात. हिशेबतपासणीच्या खात्यात छत्तीस वर्षे काढून, निवृत्तीनंतरही चेन्नईतच राहिलेले गृहस्थ. आम्ही हे वाक्य यंत्रावर ऐकविले तेव्हा त्यांनी ते दोनदा ऐकले आणि म्हणाले, "अहो, हे कोणाचे बोलणे? मराठीचे की मंत्रालयाचे?"

सारे हसले. पण नानांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, कानडी माणसाने कन्नडिगांचे नाव घेतले, तेलुगू माणसाने तेलुगूचे घेतले. मराठी माणसाने तेवढे 'पृथ्वीतील लोक' म्हणून स्वतःला पुसून टाकले. बरे, पृथ्वीच्या वतीने बोलावयाचे तर 'आम्ही' म्हणून तरी बोलावे! येथे पृथ्वीवरचे लोक 'ते' झाले आहेत. बोलणारी बाई जणू स्वतः पृथ्वीवर राहतच नाही.

हा आक्षेप नीट तपासला पाहिजे. 'लोक त्यांचे शुभविचार पाठवितात' यांतील 'त्यांचे' हा शब्द मराठी कानाला खटकतो हे खरे. कर्त्याचीच वस्तू असेल तेव्हा आपण 'आपले' म्हणतो. 'राम त्याच्या घरी गेला' म्हटले की ऐकणारा विचारतो, कोणाच्या घरी? वर्षानुवर्षे इंग्रजीत वावरणाऱ्याच्या मराठीत हा 'त्याचा-त्यांचा' शिरतो, आणि परदेशी विद्यापीठात ध्वनिक्षेपकासमोर अचानक उभे केलेल्या व्यक्तीच्या बोलण्यात तो आला तर तिला दोष देणे अन्यायाचे होईल. 'शुभविचार' हाही शब्द असाच. आपण सहसा 'शुभेच्छा' म्हणतो. मात्र येथे आम्हांस तो शब्द अधिक आवडतो. इच्छा समोरच्याकडून काही घडावे म्हणून असते. विचार नुसता पोहोचला तरी पुरे. आणि जेथून उत्तर येण्याचा संभव नाही तेथे विचारच पाठवावा हे उचित होय.

राहिला प्रश्न त्या 'ते' चा. सरकारी कचेरीत दिवस काढणाऱ्या आम्हांला तो प्रयोग ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. 'आपणांस असे कळविण्याचा मला आदेश झाला आहे' या शब्दांनी सुरू होणारी किती पत्रे आमच्या हाताखालून रोज जातात! तेथे लिहिणारा स्वतः काही म्हणत नाही. म्हणणारे दुसरेच कोणी असतात, तो फक्त पोहोचवितो. नानांनी ज्याला मंत्रालयाचे बोलणे म्हटले ते खरोखरच तसे आहे. पण ते वाईट का ठरावे? एकट्या माणसाला चारशे कोटी माणसांच्या वतीने बोलावयास सांगितले (१९७७ साली जगाची लोकसंख्या सुमारे तेवढी होती) तर 'आम्ही' हा शब्द तोंडातून काढावयास धारिष्ट लागते. कोणत्या अधिकाराने 'आम्ही' म्हणावयाचे? निरोप्या होणे हा एक विनय आहे, आणि त्या वाक्याचा खरा सूर आमच्या मते विनयाचा आहे. नानांना हे पटले नाही.

त्या वाक्यातला सर्वांत धाडसी शब्द मात्र कोणाच्याच लक्षात आला नाही. तो म्हणजे 'जन्मी'. ज्या वाचकाला हातपाय आहेत की नाहीत ठाऊक नाही, जो श्वास घेतो की नाही ठाऊक नाही, त्याला जन्म आहे हे मराठी वाक्याने गृहीत धरले. आणि 'ह्या' जन्मी म्हणून पुढच्या-मागच्या जन्मांचीही वाट मोकळी ठेवली. 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हे विशेषण ज्या भाषेत आरतीच्या वेळी सहज तोंडी येते, तिला दुसऱ्या ब्रह्मांडात कोणी असण्याचे नवल वाटत नाही. तेथल्याचेही धन्य होणे बाकी असणार, एवढेच ती जाणते. हिंदी वाक्य जगाच्या रहिवाशांचा नमस्कार कळवून थांबते, बंगाली वाक्य सर्वत्र शांती असो म्हणते. श्रोत्याच्या आयुष्याला हात घालण्याचे साहस मराठीने केले.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक तमिळ सहकारी बसतात. त्यांना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तमिळ वाक्य कसे आहे, सार?" आम्हांला सांगावे लागले की त्या पंचावन्नांत तमिळ नाही. कन्नड आहे, तेलुगू आहे, सिंहली आहे, हजारो वर्षांपूर्वी मेलेली सुमेरी व अक्कादी आहे; तमिळ नाही, मल्याळम नाही. त्यांचा चेहरा पाहून आम्हांस आपण उगीच सांगितले असे झाले. दोन हजार वर्षांचे वाङ्मय असलेली, आजही रस्त्यावर भांडणारी भाषा त्या दिवशी कॉर्नेलमध्ये कोणाला सापडली नाही, एवढेच त्याचे कारण असावे; पण कारण कळल्याने दुःख कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ते आम्हांस नुंगम्बाक्कममधील हवामान खात्याच्या आवारात घेऊन गेले. १७९२ साली उभारलेल्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा जुना स्तंभ तेथे आहे. एके काळी दुर्बिणीचे ओझे पेलणारा. ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणिती शास्त्रांचे रोप प्रथम केव्हा लावले गेले हे हजार वर्षांनंतरच्या लोकांना कळावे, अशा आशयाचा मजकूर त्याच्यावर कोरला आहे. (आर्यभट आणि भास्कराचार्यांच्या देशात हे लिहावयास बरेच औदार्य लागले असेल.) लॅटिन, तमिळ, तेलुगू इत्यादी भाषांत तो आहे; मराठीत नाही. सहकारी काही बोलले नाहीत. स्तंभाकडे बोट दाखवून फक्त हसले. फिट्टंफाट झाली.

हजार वर्षांनंतरच्या वाचकासाठी दगडावर लिहिणे आणि चाळीस हजार वर्षांनंतरच्या वाचकासाठी तांब्यावर लिहिणे यांत जातीचा फरक नाही. या प्रदेशात मराठीनेही ते केले आहे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आज आजूबाजूच्या किती जणांना वाचता येतो? तो लिहिणारे बाबूराव हे चिटणीस, म्हणजे आमच्याच पेशाचे! परक्या मुलखात, न वाचणाऱ्यांच्या मध्ये, इतके विस्ताराने लिहिताना त्यांच्या मनात वाचक कोण होता, हे त्या भिंतीपुढे उभे राहिले की विचारावेसे वाटते. व्हॉयेजरचे वाक्य त्याच कुळातले आहे. फक्त त्याने वंशावळ सांगितली नाही.

आता तो वाचक असण्याचा संभव किती? विज्ञान याविषयी पूर्वीपेक्षा बरेच जास्त जाणते आणि तरी मुख्य गोष्ट जाणत नाही. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ साली प्रथम सापडला. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. त्याच वर्षी १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर सागरी जीवांपासून निर्माण होणाऱ्या एका वायूच्या खुणा दिसल्याचा दावा केंब्रिजमधील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने केला. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर शंका घेतल्या, आणि तो वाद मिटलेला नाही. व्हॉयेजर तर कोणत्याच ताऱ्याच्या रोखाने सोडलेले नाही. पहिले यान सुमारे चाळीस हजार वर्षांनी ज्या ताऱ्याच्या 'जवळून' जाईल तेव्हाही त्या दोहोंत दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतर असेल. हे म्हणजे टपाल पेटीत न टाकता समुद्रात सोडण्यापैकी आहे.

या प्रश्नाशी आयुष्यभर दोन्ही हातांनी झुंजलेला मराठी लेखक एकच, आणि तोही आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर वाढलेला. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, पण त्यांचे बालपण व शिक्षण काशीत झाले. वडील तेथील विद्यापीठात गणित शिकवीत. पुढे केंब्रिज, मग मुंबई, पुणे. आत्मचरित्राला त्यांनी 'चार नगरांतले माझे विश्व' असे नाव दिले ते उगीच नव्हे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ व २००५ साली फुगे सोडण्यात आले. त्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. दुसऱ्या उड्डाणातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांतील एकीला त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव देण्यात आले, एकीला आर्यभटाचे. परंतु हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्वच्छ सांगण्यात आले. एवढे मोठे वाक्य हाताशी असताना ते न उच्चारणे ही एक शैली आहे. आमच्या मते नारळीकरांच्या गद्याची उत्तम बाजू तीच: ठाऊक आहे तेवढेच म्हणावयाचे.

त्यांच्या कथांच्या दृष्टीने मात्र हा गुणच कधी कधी आड येतो. १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठविलेली 'कृष्णविवर', १९७९ चा 'यक्षांची देणगी' हा संग्रह, पुढे 'प्रेषित' व 'वामन परत न आला' या कादंबऱ्या, यांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली हे निर्विवाद. परंतु त्यांतील माणसे अज्ञातापुढे उभी राहतात ती बहुधा जाणकार म्हणून. ती विचार करतात, चर्चा करतात, निर्णय घेतात. त्यांना एकटे मात्र फारसे वाटत नाही. अपवाद 'धूमकेतू' या कथेचा. तीत हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू घरात शांतीचा विषय होतो, आणि आकाश एकदम माजघरात येते. तेथे नारळीकर कथाकार म्हणून सर्वांत मोकळे आहेत. हॉइल यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' या १९५७ च्या कादंबरीत अवकाशातून आलेल्या बुद्धिमान मेघालाच नवल वाटते की एखाद्या ग्रहावर असे विचार करणारे जीव असू शकतात. ही उलटी नजर, म्हणजे त्यांच्या लेखी परके आपणच, मराठीत अजून पुरेशी आलेली नाही. 'परग्रहवासी' हा आपला शब्दच पाहा: परगाव, परप्रांत, परदेश यांच्या रांगेत पुढचा. तमिळमध्ये त्यालाच 'वेट्रु' म्हणजे निराळ्या ग्रहावरचा म्हणतात असे आमच्या सहकाऱ्यांनी सांगितले. निराळा आणि परका यांत फरक आहे, हे परप्रांतात घर भाड्याने घेतलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

तबकडीवर मराठी मुलखाचा आणखी एक आवाज आहे आणि त्याच्यापुढे सर्व वाक्ये फिकी पडतात. गोव्यातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञाच्या शिफारशीने ती निवडली गेली. तिची ध्वनिमुद्रिका तेव्हा मिळेना. अखेर न्यू यॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. जन्मभूमी सोडून गेलेल्यांनी जपून ठेवलेली तबकडी सूर्यमाला सोडून जाणाऱ्या तबकडीत गेली! पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. भैरवी ही मैफलीच्या शेवटची. या प्रवासात ती आरंभीच गाइली गेली. एकटीच निघालेल्या स्त्रीला कोठे जातेस म्हणून विचारणारी ही चीज त्या यानासाठी योजणाऱ्यांस तिचा अर्थ किती ठाऊक होता कोण जाणे. मात्र 'पृथ्वीतील लोक' असे त्रयस्थ बोलणे जेथे संपते तेथे ही बाई आपल्या नावानिशी, आपल्या घराण्यानिशी उभी आहे. नानांना हवा असलेला मराठी आवाज आम्हांस वाक्यात न सापडता येथे सापडतो, आणि तो ब्रज वळणाची हिंदी गातो. याला काय म्हणावे? असो.

मूळ वाद मात्र राहिलाच. त्या वाक्यात 'आम्ही' असते तर बरे झाले असते काय, हे आम्ही सहकाऱ्यांना विचारले, आणि त्यांनी प्रश्न एका क्षणात बदलून टाकला. तमिळमध्ये, ते म्हणाले, 'आम्ही' दोन आहेत: ऐकणाऱ्याला वगळून 'नाङ्गळ्', ऐकणाऱ्याला धरून 'नाम्'. तुमच्यात? आम्ही म्हटले, तसेच; 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही, हिंदीलाही नाही. मराठीला तो आहे, आणि बोलताना तो टाळता येत नाही. म्हणजे त्या ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिलेल्या बाईंपुढे, त्यांना कळत नकळत, हा पेच असणार. 'आम्ही' म्हणावे तर ऐकणारा दाराबाहेर उभा राहतो. 'आपण' म्हणावे तर ज्याला कधी पाहिले नाही, जो कदाचित कोठेच नाही, त्याला घरात घेतल्यासारखे होते. त्यांनी दोन्ही सोडून 'लोक' म्हटले. आक्षेपार्ह वाटलेल्या 'त्यांचे' या शब्दामागे इंग्रजीच होती, की ही अडचण होती, हे आता आम्हांस पूर्वीइतके निश्चित सांगवत नाही.

सहकाऱ्यांनी मग एका रद्द झालेल्या टिपणाच्या पाठीवर, तबकडीत नसलेले तमिळ वाक्य लिहून दिले. त्यात त्यांनी 'नाम्' वापरले आहे. ते आम्ही नानांना नेऊन दाखविले, अर्थ सांगितला, आणि म्हटले की आता मराठी वाक्य तुम्ही लिहून द्या. नानांनी कागद घडी करून खिशात घातला. पुढच्या बैठकीस ते आले नाहीत. नातवाबरोबर त्यांची चिठ्ठी आली. तीत एकच वाक्य होते, त्यांच्या सुरेख वळणदार अक्षरात, आणि त्याचा पहिला शब्द 'आम्ही' असा होता. तो एका रेघेने खोडून वर 'आपण' लिहिले होते, आणि तेही खोडून खाली पुन्हा टिंबे दिली होती, खोडलेला मजकूर कायम समजावा म्हणून कचेरीत देतात तशी. ती टिंबे दोहोंपैकी कोणत्या शब्दासाठी, ते कागद उजेडात धरूनही आम्हांला कळले नाही.